‘योजना यशस्वी झाली का?’ रोजगार हमीच्या निमित्तानं समजून घ्या, सरकारी धोरणांचा अभ्यास कसा होतो

मोबाइलवर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास दिसतात. एकीत लिहिलेलं असतं, ‘अमुक योजनेचा लाखो लोकांना लाभ’. दुसरीत लिहिलेलं असतं, ‘अमुक योजना फक्त कागदावर’. दोन्हींमध्ये आकडे असतात आणि दोन्हींखाली कमेंटमध्ये भांडणं सुरू असतात.

मग खरं काय मानायचं? एखादी सरकारी योजना चालली की फसली, हे ठरवायचं तरी कसं?

हा प्रश्न शिस्तीनं सोडवणारी एक ज्ञानशाखा आहे. तिला ‘सार्वजनिक धोरणाचा अभ्यास’ किंवा ‘पब्लिक पॉलिसी’ म्हणतात. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या शाखेत अनेक विचारप्रवाह आले. प्रत्येकानं वेगळा प्रश्न विचारला, त्यामुळे उत्तरंही वेगळी मिळाली.

हे प्रवाह समजून घ्यायला महाराष्ट्राकडे घरचंच उदाहरण आहे, ते म्हणजे रोजगार हमी योजना, अर्थात रोहयो. देशातल्या आणि परदेशातल्या अभ्यासकांनी या योजनेवर भरपूर लिहिलं आहे.

रोहयो आली कुठून?

वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. गावात काम मागणाऱ्याला सरकारनं काम द्यावं, ही त्यांची कल्पना होती. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या काही गावांत तिचा छोटा प्रयोग झाला.

त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशा दुष्काळी कामांवर माणसं लोटली. मे १९७३ मध्ये या कामांवरच्या मजुरांचा आकडा सुमारे ५० लाखांवर गेला होता. सुकडी आणि मिलोची आठवण सांगणारी पिढी आजही गावोगावी आहे.

दुष्काळ सरला, पण हमीची कल्पना टिकली. १९७५ मध्ये त्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. महाराष्ट्रातल्या नोकरदारांच्या पगाराच्या स्लिपवर आजही ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून जी कपात दिसते, तिचं मूळ हेच. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हा त्याचा गाभा. २००५ मध्ये संसदेनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

आता ही एकच योजना वेगवेगळ्या अभ्यासकांच्या नजरेतून पाहू.

पहिली नजर: पायऱ्या मोजा

धोरणाच्या अभ्यासाची सुरुवात सांगताना अमेरिकेचे राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांचं नाव घेतलं जातं. १९५१ मध्ये त्यांनी डॅनियल लर्नर यांच्यासोबत ‘धोरणशास्त्रां’वर एक ग्रंथ संपादित केला. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांनी एकत्र येऊन समाजाचे प्रश्न सोडवायला मदत करावी, ही त्यांची भूमिका होती.

या विचारातून धोरणाच्या ‘पायऱ्या’ पुढे आल्या. आधी प्रश्न ओळखायचा, मग पर्याय शोधायचे, निर्णय घ्यायचा, अंमलबजावणी करायची आणि शेवटी मूल्यमापन करायचं. रोहयो या साच्यात बसवली तर चित्र सोपं दिसतं: बेरोजगारी ओळखली, प्रयोग केला, कायदा केला, कामं काढली, निकाल तपासला.

हा साचा शिकवायला चांगला आहे. म्हणूनच अभ्यासक्रमात तो अजून आहे. पण प्रत्यक्षात गोष्टी इतक्या ओळीनं घडत नाहीत. रोहयोत कायदा नंतर आला, कामं आधीच सुरू होती आणि मूल्यमापनाचे वाद पहिल्या दिवसापासून चालू होते.

दुसरी नजर: माणसाच्या मर्यादा ओळखा

सरकार सगळे पर्याय तपासून सर्वांत चांगला निवडतं, असं आपण गृहीत धरतो. हर्बर्ट सायमन यांनी या समजुतीलाच धक्का दिला. निर्णय घेणाऱ्याकडे वेळ कमी असतो, माहिती अर्धवट असते आणि डोक्याची क्षमताही मर्यादित असते. त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. ‘भागण्यासारखा’ पर्याय सापडला की तिथं थांबतो. या कामाबद्दल सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९५९ मध्ये याच्या पुढचं सांगितलं. सरकारं मोठी उडी क्वचित मारतात. आहे त्यात थोडी दुरुस्ती करत, चुकत, सावरत पुढे जातात.

रोहयोतही हे दिसतं. दुष्काळी कामांची पद्धत आपल्याकडे ब्रिटिश काळातल्या दुष्काळ संहितांपासून होती. कामं कुठली काढायची, मजुरी कशी मोजायची, याचा सरावही यंत्रणेला होता. रोहयोनं त्या जुन्या पद्धतीला ‘हक्का’ची जोड दिली. कल्पना क्रांतिकारक होती, पण ती उभी राहिली जुन्याच पायावर.

तिसरी नजर: वेळ कशी जुळते ते बघा

पागे यांची कल्पना १९६५ ची. राज्यभर ती पसरली १९७२ नंतर. मधली वर्षं का गेली?

अशा प्रश्नांसाठी जॉन किंग्डन यांची मांडणी उपयोगी पडते. १९८४ मध्ये त्यांनी सांगितलं की, तीन प्रवाह वेगवेगळे वाहत असतात. एक प्रश्नांचा, दुसरा उपायांचा आणि तिसरा राजकारणाचा. एखाद्या क्षणी हे तिन्ही एकत्र येतात आणि संधीची ‘खिडकी’ उघडते. ती फार वेळ उघडी राहत नाही. त्या वेळी कुणी तरी उपाय हातात घेऊन तयार असावं लागतं.

रोहयोच्या बाबतीत दुष्काळानं प्रश्न सगळ्यांच्या दारात आणला. उपाय तासगावात आधीच करून पाहिलेला होता. मजुरांचे मोर्चे, विरोधी पक्षांचा दबाव आणि सत्ताधाऱ्यांची ग्रामीण मतांची गरज यातून राजकारणही तयार झालं.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. चांगली कल्पना आज नाकारली गेली म्हणून ती वाया जातेच असं नाही. छोटा प्रयोग करून ठेवलेला असेल, तर खिडकी उघडल्यावर तो कामी येतो.

चौथी नजर: फायदा कुणाचा, ते विचारा

काही अभ्यासकांनी थेट सत्तेचा प्रश्न विचारला. ग्रामीण महाराष्ट्रावर बागायतदार आणि सधन शेतकऱ्यांची पकड असताना मजुरांना कामाचा हक्क देणारा कायदा झालाच कसा?

रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये याचा वेध घेतला. मजुरांना मजुरी मिळते हे खरं. पण त्यातून होणारे रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती यांचा मोठा लाभ ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना होतो. मजूर गावाच्या आसपास राहतात, असंतोष आटोक्यात राहतो आणि खर्चाचा मोठा भार शहरातल्या करदात्यांवर पडतो. म्हणजे अनेक गटांचं हित एकाच योजनेत गुंफलेलं होतं. म्हणून ती मंजूर झाली आणि टिकलीही.

त्याच वर्षी कुमुदिनी दांडेकर यांचं पुस्तक आलं. त्यांनी रोहयोकडे स्त्रियांच्या रोजगाराची संधी म्हणून पाहिलं. घराजवळ मिळणाऱ्या या कामावर बायका मोठ्या संख्येनं येत होत्या. योजना तीच, पण एका अभ्यासाला त्यात वर्गहित दिसलं, तर दुसऱ्याला बाईच्या हातात आलेली मजुरी दिसली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पाचवी नजर: मंत्रालयापासून बांधापर्यंतचा रस्ता तपासा

जेफ्री प्रेसमन आणि आरॉन विल्डाव्हस्की यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या एका रोजगार कार्यक्रमाचा अभ्यास केला. पैसा होता, हेतू चांगला होता, उघड विरोधही नव्हता. तरी काम रेंगाळलं. कारण प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी संमती लागत होती.

याचं गणित साधं आहे. समजा एका कामाला १० टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा पार होण्याची शक्यता ९० टक्के आहे. तर सगळे टप्पे पार होण्याची शक्यता उरते फक्त ३५ टक्के. टप्पे २० असतील, तर ती १२ टक्क्यांवर येते. ‘फाइल अडली’ या वाक्यामागे दर वेळी एखादा खलनायक असतोच असं नाही. कधी कधी ही फक्त गुणाकाराची करामत असते.

मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये आणखी खाली पाहिलं. त्यांचं म्हणणं होतं की, लोकांच्या दृष्टीनं धोरण म्हणजे काउंटरपलीकडचा माणूस जे करतो ते. आपल्याकडे तो माणूस म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, रोजगार सेवक, कामाचं मोजमाप घेणारा अभियंता. कामाचा भार जास्त आणि साधनं कमी असली की ही माणसं आपापल्या वाटा काढतात. कुणाचा अर्ज आधी घ्यायचा, कुणाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचं, हे तेच ठरवतात.

रोहयोत याचा परिणाम थेट मजुरीवर होतो. मजुरी कामाच्या मापावर मिळते. माप उशिरा झालं तर पैसे उशिरा. माप कमी लिहिलं तर पैसे कमी.

१९८८ चा धडा: हजेरी घटली, पण का?

आता असा प्रसंग पाहू, जिथं अभ्यासाची पद्धत चुकली असती तर निष्कर्ष उलटा निघाला असता.

१९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि त्यासोबत रोहयोची मजुरी साधारण दुप्पट झाली. त्यानंतर योजनेवरची हजेरी वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ती मोठ्या प्रमाणात घटली.

वरवर पाहणारा म्हणेल, ‘लोकांना कामच नको आहे’ किंवा ‘आता गरिबी कमी झाली’. मार्टिन रॅवेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी महिन्यामहिन्याची आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मजुरी दुप्पट झाल्यावर काम मागणारे कमी होतील, हे पटण्यासारखं नव्हतं. त्यांच्या विश्लेषणातून दिसलं की काम मिळण्यावरच मर्यादा आली होती. प्रत्येक मजुराचा खर्च वाढला, पण पैशाची तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही, तर कामं कमी निघतात. हमी कायद्यात राहते आणि जमिनीवर रेशनिंग सुरू होतं.

हा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे. कामाच्या मागणीची नोंद अर्जावरून होते. अर्ज घेतलाच नाही, किंवा तारीख टाकलेली पोचपावती दिली नाही, तर कागदावर ‘मागणी नाही’ असंच दिसतं. मग तोच आकडा योजनेची गरज उरली नाही याचा पुरावा म्हणून वापरता येतो. सरकारी आकडा खोटा नसला तरी तो अपुरा असू शकतो. तो कसा तयार झाला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

सहावी नजर: प्रयोग करून पाहा

गेल्या पंचवीसेक वर्षांत या क्षेत्रात सर्वांत जास्त गाजलेली पद्धत म्हणजे यादृच्छिक चाचणी. नव्या औषधाची चाचणी घेतात तशीच. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडायची. काही गावांत योजना राबवायची, काहींत नाही. मग फरक मोजायचा.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी लसीकरणाचा असा अभ्यास केला. त्याचे निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीसारखी व्यवस्था असलेल्या गावांत फक्त ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. जिथं नियमित शिबिरं झाली तिथं ते १८ टक्के झालं. शिबिरासोबत प्रत्येक वेळी एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटं दिली, तिथं ते ३९ टक्क्यांवर गेलं. या पद्धतीच्या कामासाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

रोजगार हमीवरही असा मोठा प्रयोग झाला. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात मजुरी बायोमेट्रिक स्मार्टकार्डनं द्यायला सुरुवात झाली, तेव्हा ती कोणत्या मंडलांत आधी सुरू करायची हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं गेलं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांना आढळलं की पैसे लवकर मिळू लागले आणि गळती कमी झाली. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नातली बहुतांश वाढ योजनेच्या मजुरीतून आलेली नव्हती. ती बाजारातल्या कमाईतून आली होती. योजना नीट चालली की शेतातल्या मजुराची घासाघीस करण्याची ताकदही वाढते. केवळ ‘योजनेतून किती पैसे वाटले’ एवढंच मोजलं असतं, तर हा परिणाम दिसलाच नसता.

मग सगळं असंच तपासावं का? अर्थतज्ज्ञ अँगस डीटन आणि तत्त्वज्ञ नॅन्सी कार्टराइट यांनी इथं सावध केलं आहे. एका ठिकाणी चाललेला उपाय दुसरीकडे चालेलच असं नाही. सरासरी निकालात कुणाचं नुकसान झालं ते लपतं. आणि प्रत्येक गोष्टीचा प्रयोग करता येत नाही. ‘कामाचा हक्क असावा का?’ हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सुटत नाही. तो मूल्यांचा प्रश्न आहे.

सातवी नजर: ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांना विचारा

१९८० आणि १९९० च्या दशकांत काही अभ्यासकांनी आकड्यांच्या पलीकडे लक्ष वेधलं. डेबोरा स्टोन यांच्यासारख्या लेखकांनी दाखवलं की, प्रश्न कसा मांडला जातो यावर उपाय ठरतो. रोजगार हमीला ‘दुष्काळातली मदत’ म्हटलं तर पाऊस पडला की ती थांबवता येते. ‘हक्क’ म्हटलं तर थांबवणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. ‘फुकट वाटप’ म्हटलं तर बंद करणंच शहाणपणाचं वाटतं. शब्द बदलला की धोरण बदलतं.

भारतात याला एक वेगळं वळण मिळालं, आणि ते विद्यापीठाबाहेर. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९० च्या दशकात जनसुनवाया घेतल्या. हजेरीपटावरची नावं आणि कामाची बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली गेली. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघाल्याचं लोकांनीच दाखवून दिलं. २००५ च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेनं करायच्या सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आली, तिच्यामागे हा अनुभव होता. धोरणाचा अभ्यास फक्त तज्ज्ञांनीच करायचा असतो, ही समजूत इथं मोडली.

मग रोहयो चालली की नाही?

एका शब्दात उत्तर देता येत नाही. दुष्काळात माणसं जगवणं, बायकांना घराजवळ काम देणं आणि देशाला एक कायदा सुचवणं, यात ती चालली. मागेल त्याला काम देण्याचं वचन मात्र पैशाच्या तरतुदीपाशी आणि काउंटरपाशी अनेकदा अडलं.

सध्या या क्षेत्राचा कलही असाच आहे. कोणतीही एक पद्धत पुरेशी नाही, हे आता अनेक अभ्यासक मानतात. प्रयोग, सरकारी नोंदी, गावातल्या मुलाखती आणि राजकारणाचा अभ्यास अशा गोष्टी एकत्र केल्या जातात. ‘योजना चालते का?’ यासोबत ‘कुणासाठी, कुठे, कशामुळे?’ हेही विचारलं जातं.

पुढची पोस्ट शेअर करण्याआधी

एखादी योजना ‘हिट’ किंवा ‘फ्लॉप’ ठरवणारी पोस्ट दिसली, तर हे पाच प्रश्न उपयोगी पडतील.

१. तुलना कशाशी केली आहे? योजना नसती तर काय झालं असतं, याचा काही अंदाज दिला आहे का?

२. आकडा काय मोजतो? नोंदणी, वाटलेले पैसे, की लोकांच्या आयुष्यात झालेला बदल?

३. आकडा कुणी आणि कसा नोंदवला? त्यातून कोण सुटलं असेल?

४. सरासरीत कोण लपलं आहे? बाई, भूमिहीन, दूरच्या पाड्यावरचं कुटुंब?

५. प्रश्न कोणत्या शब्दांत मांडला आहे? ‘हक्क’, ‘मदत’, की ‘खर्च’?

या प्रश्नांची सगळी उत्तरं दर वेळी मिळणार नाहीत. पण हे विचारले नाहीत, तर ‘मागणी नाही’ असं लिहिलेला कागदच शेवटचा पुरावा ठरतो. आणि ज्या मजुराचा अर्ज घेतलाच गेला नाही, त्याचं नाव कुठल्याच आकड्यात येत नाही.